कल्पनेतील ग्रह आणि डहाणू-तलासरीची जमीन

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील कपाटापुढे, गावच्या वाचनालयात आणि रेल्वेच्या डब्यात. विद्वानांच्या व्यासपीठावर उभे राहण्याचा आमचा अधिकार तेवढाच. त्यातून आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांना हसू येण्याचा संभव आहे. मेजाभोवती बसून खेळावयाच्या एका खेळासाठी परग्रहावरचे जग कसे रचावे, हा तो विषय होय. वय पन्नाशीपलीकडे गेलेल्या कामगार कार्यकर्त्याने पोरांच्या खेळात डोके का घालावे? त्याचे उत्तर असे की, या खेळाने डहाणू-तलासरीच्या इतिहासातील काही गोष्टी आम्हांला पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसू लागल्या. त्या आपल्यापुढे ठेवाव्यात, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगितले पाहिजे. चार-पाच जण एका मेजाभोवती बसतात. त्यांतील एक सूत्रधार असतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापले पात्र काय करील ते सांगतात, आणि जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. यात पट असलाच पाहिजे असे नाही, आणि कोणी एक जिंकला, दुसरा हरला असेही होत नाही. कथा आठवड्यामागून आठवडे चालते. तिला खेळाडू मोहीम म्हणतात. ही कथा ज्या जगात घडते ते जग छापील पुस्तकातून विकत घेता येते, किंवा घरच्या घरी रचता येते. आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला येणाऱ्या मुलामुलींनी ते घरी रचावयाचे ठरविले आणि 'काका, तुम्हांला इतिहास ठाऊक आहे, थोडी मदत करा' म्हणून आम्हांला त्यात ओढले.

या खेळाची वंशावळ पाहू गेल्यास ती युद्धाच्या सरावापाशी पोचते. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर फाशांच्या साहाय्याने खेळावयाचा युद्धखेळ प्रचारात आणला. त्यात दोन्ही बाजूंवर देखरेख करणारा एक पंच असे. आजच्या सूत्रधाराचा तो पूर्वज होय. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या विज्ञानकथालेखकाने खेळण्यांतील शिपायांच्या लढायांचे नियम 'लिट्ल वॉर्स' या पुस्तकात दिले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात खेळाडूच्या हाती सैन्याऐवजी एकच माणूस आला. आणि १९७७ साली मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' निघाला. तो ताऱ्यांमधील प्रवासाचा, म्हणजे विज्ञानकथेचा खेळ.

याचा अर्थ ही सर्व परकी आयात आहे असा मात्र कोणी घेऊ नये. फासे आणि पट आपल्याकडे जुने आहेत. मोक्षपटात शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. एका कापडावर सबंध नीतीचे जग मांडलेले. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. विज्ञानकथेचीही आपल्याला ओळख आहे. ज्या १९७४ साली अमेरिकेत तो पहिला खेळ निघाला, त्याच साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे दिले होते. प्रत्यक्षात ते जयंत विष्णु नारळीकर होते. आणि आमच्या डहाणूच्या दक्षिणेस समुद्रकाठी तारापूरची अणुवीज १९६९ साली सुरू झाली, तेव्हा चुलीच्या धुरात बसणाऱ्या पाड्यांच्या शेजारीच विज्ञानकथा उभी राहिली. म्हणून परग्रहाची कल्पना करणे हे डहाणूच्या मुलांना काही अवघड नाही.

घरी जग रचण्याची याहूनही जुनी रीत आमच्या भागात आहे. वारली घरात लग्न निघाले की भिंतीवर चौक लिहितात. गेरूच्या किंवा शेणमातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो चौक काढतात. आत पालघाट देवी, भोवती झाडे, जनावरे, माणसे, सूर्य आणि चंद्र. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रकला कागदावर आणून जगापुढे नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. चौकात कोणीही फुकट जागा अडवून बसलेला नसतो. प्रत्येक आकृती काहीतरी करीत असते. जग कसे रचावे याचा यापेक्षा चांगला धडा आम्हांला ठाऊक नाही.

आता त्या मुलांनी रचलेल्या पहिल्या जगाकडे वळू. 'ट्रॅव्हलर'मध्ये ग्रह रचण्याची एक रीत दिली आहे. फासे टाकून एकेक रकाना भरावयाचा: अवकाशयानांचा तळ, ग्रहाचा आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, शासन, कायद्याचा कडकपणा आणि तंत्रज्ञानाची पातळी. मुलांनी ते आठही रकाने भरले. ग्रह लहान निघाला, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या दोनतृतीयांश, हवा श्वासास अयोग्य. त्यावर खनिज काढणारी एक कंपनी आली. नकाशाच्या एका कोपऱ्यात कंपनीचे शहर, आणि उरलेला सगळा भाग कोरा. त्यावर लिहिले होते, 'मोकळा प्रदेश, रानटी टोळ्या.' खेळाडूंनी तेथे जावयाचे, टोळ्यांशी लढावयाचे आणि खजिना आणावयाचा.

त्या वर्गात तलासरीकडच्या पाड्यावरची एक मुलगी होती. ती फार बोलत नसे. त्या दिवशी तिने नकाशा स्वतःकडे ओढून घेतला आणि म्हणाली, "काका, हा कोरा भाग म्हणजे आमचा पाडाच झाला. आम्ही तिथे असतो, तरी कागदावर जागा मोकळी दिसते." मग एवढेच विचारले, "माझं पात्र इथलं असेल, तर मी या खेळात काय करायचं? मरायचं?"

कोणी उत्तर दिले नाही. आम्हांलाही ते लगेच सुचले नाही. परंतु इतिहास ज्याला म्हणतात तो येथूनच सुरू होतो असे आमचे मत आहे. त्या आठ रकान्यांत कोणत्याही ग्रहाची हवा कळते, पाणी कळते, शासन कळते. पण जमीन कोणाची, कर्ज कोणाच्या डोक्यावर आणि माप कोणाच्या हातात, हे तीन रकाने त्यांत नाहीत. आम्ही मुलांना म्हटले, "हे तीन रकाने वाढवा. ते फाशांनी भरू नका. आपल्याच भागाच्या इतिहासातून भरा."

पहिला रकाना जमिनीचा. वारल्यांच्या हातची जमीन इंग्रजी अमदानीत सावकार-जमीनदारांकडे गेली आणि जो कसणारा होता तो आपल्याच शेतावर कूळ झाला. जंगलावर सरकारचा आणि ठेकेदाराचा ताबा आला. १८६४ साली मुंबईपर्यंत रेल्वे सलग झाली आणि येथील लाकूड व गवत मुंबईच्या बाजारात जाऊ लागले. जेथून माल बाहेर जातो तेथे तो काढणारे हात स्वस्त लागतात. ते हात वेठीने मिळविले गेले. वेठ म्हणजे मालकाचे काम बिनमोल करणे: त्याचे शेत, त्याचे घर, त्याची लाकडे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारच्याच एका अधिकाऱ्याने, सिमिंग्टन यांनी, आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहून या वेठीची नोंद केली. म्हणजे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. सरकारी कागदावर वेठ होती, आणि पाड्यावरही वेठ होती.

दुसरा रकाना कर्जाचा. 'ट्रॅव्हलर' खेळात एक मोठी मार्मिक गोष्ट आहे. तेथे खेळाडू अवकाशयान घेतो ते कर्जाने. दरमहा यानाच्या किमतीचा दोनशे चाळिसावा भाग, आणि असे चारशे ऐंशी हप्ते. हिशेब केल्यास चाळीस वर्षांत नुसत्या हप्त्यांतच दुप्पट किंमत भरावी लागते. हा हप्ता चुकू नये म्हणून खेळाडू ताऱ्यांमागून तारे पालथे घालतो, आणि त्यातून सगळी कथा पुढे सरकते. मुलांना यात गंमत वाटे. आम्ही त्यांना लग्नगड्याची गोष्ट सांगितली. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेई आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे गडी म्हणून राही. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. कर्ज किती राहिले हे मालकाच्या वहीत लिहिलेले असे, आणि वाचता येणाराही मालकच. अवकाशयानाच्या कर्जाला निदान चारशे ऐंशी हप्त्यांचा शेवट आहे. लग्नगड्याच्या कर्जाला तोही नव्हता. घरात भिंतीवर चौक लिहिला जात होता त्याच सुमारास जमीनदाराकडे वहीवर कर्ज लिहिले जात होते. एका लग्नाची ही दोन चित्रे.

मुलांनी ग्रहावर तसा नियम केला. हवा श्वासास अयोग्य असल्यामुळे ज्या दोघांना संसार मांडावयाचा असेल त्यांना वेगळा काचघुमट घ्यावा लागे, आणि घुमटाचे कर्ज कंपनी देई. बाकीचे न सांगताच सर्वांना कळले.

तिसरा रकाना मापाचा. मजुरीचा दर किती याइतकाच, काम कोण मोजतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आम्ही वीटभट्टीवरच्या मजुरांत पुष्कळ वर्षे काढली. तेथे मजुरी हजार विटांवर असते, आणि हजार कधी पुरे झाले ते मोजणाऱ्याच्या जिभेवर असते; फुटलेली वीट मजुराच्या नावे पडते. हे आम्ही सांगत असता विज्ञान शाखेच्या एका मुलाने बोट वर केले. तो म्हणाला, "काका, या ग्रहावर गुरुत्व दोनतृतीयांश आहे. पृथ्वीवरून आणलेला तानकाटा लावला तर साडेसातशे किलो खनिजाला तो पाचशेच दाखवील. तागडीत मात्र दोन्ही बाजूंना सारखेच ओढले जाते, म्हणून तागडी खरे सांगेल." मग कंपनी खनिज घेते ते तानकाट्यावर आणि धान्य देते ते तागडीवर, असे ठरले. काटा खोटा नाही, शिक्काही बरोबर. तरी मजूर लुटला जातो. पदार्थविज्ञानाच्या एका साध्या नियमातून अन्यायाची इतकी स्वच्छ रीत आम्ही कधी पाहिली नव्हती. आम्ही त्या मुलाची पाठ थोपटली.

येथपर्यंत आम्ही शिकविणारे होतो. पुढे आमची चूक झाली, आणि ती सांगितल्याखेरीज हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

जगाला अन्याय मिळाला, तेव्हा आता लढा हवा, असे मनात धरून आम्ही चार पाने लिहून नेली. पहिल्या आठवड्यात सभा, दुसऱ्यात शपथ, तिसऱ्यात संप, चौथ्यात विजय. मुलांनी ती वाचली. सूत्रधार असणारा मुलगा म्हणाला, "काका, शेवट ठरलेलाच असेल तर फासे कशाला टाकायचे?" आम्ही म्हटले, "अरे, इतिहासात असेच झाले." त्यावर ती तलासरीची मुलगी म्हणाली, "झालं ते आपल्याला आता माहीत आहे. त्यांना तेव्हा कुठे माहीत होतं?"

त्या रात्री आम्ही १९४५ साल पुन्हा नव्याने डोळ्यांपुढे आणले. ७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा आणि त्यांचे काही वारली सोबती तेथे गेले. त्यांच्या भागाचे दुःख कॉम्रेड शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या कानी पडले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरविले की वेठ करावयाची नाही, रोख बारा आणे रोज मिळाल्यावाचून मालकाच्या खाजगी शेतावर जावयाचे नाही, आणि एकजूट सोडावयाची नाही. ऑक्टोबरात गवत तयार होते. ते वेळेवर कापले नाही तर फुकट जाते, हे मजुराला जितके कळते तितकेच मालकालाही. तेव्हा पाचशे रत्तल गवत कापण्यास अडीच रुपये ही मागणी घेऊन संप झाला. आज आपण हे वाचतो तेव्हा जणू शिडीच्या पायऱ्या एकामागून एक चढाव्यात तसे वाटते. परंतु झरीच्या सभेतून परत जाणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाच्या दारी काय होईल ते ठाऊक नव्हते. त्याने 'नाही' म्हणावयाचे ठरविले होते, आणि तो फासा एकट्याने टाकावयाचा होता.

आणि सगळेच फासे अनुकूल पडले नाहीत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास सभा आहे, गोदूताईंवर हल्ला होणार आहे, हत्यारे घेऊन या, अशी खोटी बातमी पाड्यापाड्यांतून पसरविली गेली. लोक हजारोंनी जमले, आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे तेथे कामास आले. पुढे ७ जानेवारी १९४७ रोजी पालघर तालुक्यात नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन पाच जण मेले. बातमी माणसाच्या पायांनी जाते अशा मुलुखात खोट्या बातमीला खोटी ठरविण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात गोळी सुटते. 'ट्रॅव्हलर'च्या जगातही बिनतारी संदेश ताऱ्यांमध्ये पोचत नाही. बातमी यानाबरोबर जाते आणि एका उडीस सुमारे आठवडा लागतो. मुलांनी तो नियम तसाच ठेवला आणि त्यात भर घातली की प्रत्येक बातमी कोणी आणली हे विचारल्याखेरीज तिच्यावर कृती करावयाची नाही. विचारण्यात एक दिवस जातो, आणि तो दिवस घालवावा की नाही हे खेळाडूने ठरवावयाचे.

आम्ही आमची चार पाने परत घेतली. मुलांनी आणखी दोन गोष्टी आपणहून ठरविल्या. एक, प्रत्यक्ष हुतात्म्यांची नावे खेळात घ्यावयाची नाहीत. ज्यांनी प्राण दिले त्यांना सोंगट्या करू नये. दुसरी, नकाशावर एकही जागा कोरी ठेवावयाची नाही. ज्या भागाची माहिती नसेल तेथे 'मोकळा प्रदेश' असे न लिहिता 'आम्ही अजून विचारलेले नाही' असे लिहावयाचे. पाठ्यपुस्तकांच्या नकाशांतही हे वाक्य असावे असे आम्हांला वाटते. सीमासुद्धा कायमच्या नसतात, हे त्यांनी आपल्याच तालुक्यावरून घेतले. १९६० साली मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली; २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जमीन होती तेथेच राहिली, फक्त तिचा दाखला मिळण्याचे ठिकाण बदलले.

कोणी विचारील की या सर्वाचा उपयोग काय? वेठ मोडली, कूळकायदा झाला, वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ साली आला, वनहक्काचा कायदा २००६ साली आला. जुन्या जखमा खेळात कशाला उकराव्यात? याचे उत्तर आम्हांला देण्याची गरज पडली नाही. गेल्या दिवाळीनंतर त्या मोहिमेतला एक खेळाडू येईनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळले की घरच्यांनी भट्टीवाल्याकडून बयाणा घेतला होता आणि सारे घर पावसाळ्यापर्यंत बाहेरगावी विटा पाडावयास गेले होते. बयाणा किती घेतला, किती फिटला, हे वहीत, वही भट्टीवाल्याकडे. रानातल्या लग्नगड्याची वही आणि ही वही यांत फरक नाही असे आम्ही म्हणत नाही. आज कायदा आहे, युनियन आहे, मुलाला वाचता येते. पण वही कोणाकडे, हा प्रश्न तोच आहे.

त्या मुलाची जागा मेजापाशी रिकामी राहिली. सूत्रधाराने त्याचे पात्र मारून टाकले नाही. ते खनिजाच्या दुसऱ्या खाणीत कामास गेले आहे असे कथेत घातले. आणि तलासरीच्या मुलीने एक वही करून त्याच्याकडे पाठविली. तिच्यात रकाने आखलेले होते: तारीख, पाडलेल्या विटा, फुटलेल्या विटा, घेतलेला बयाणा, मिळालेली रक्कम. पहिल्या पानावर तिने लिहिले होते की हा खेळातला नियम आहे, रोज भरणे. तो ती वही भरतो आहे. पावसाळ्यात तो परत येईल तेव्हा दोन वह्या शेजारी ठेवून पाहावयाच्या आहेत. त्या बैठकीला आम्ही जाणार आहोत. तेथे काय होईल ते आज आम्हांला सांगता येत नाही.